लॉराचा बूस्ट उशिरा येतोय: टर्बो उतरवण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१२ची स्कोडा लॉरा १.८ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, १ लाख १० हजार किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी ताकद वाढवायला स्टेज टू केलं: रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं), तीन इंची डाउनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप), बंपरमागे मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा निववणारा), उघडा कोन फिल्टर. तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये २,४०० आरपीएमला पूर्ण बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब, यायचा, आता ३,४०० होईपर्यंत वाट बघावी लागते. त्यापुढे गाडी पूर्वीसारखीच पळते. इंजिन लाइट नाही, धूर नाही, तेल कमी होत नाही. कसाऱ्याचा घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये २,५००वर पूर्ण रेस दिली तरी गाडी उचल घेत नाही. सगळे सिलिकॉनचे पाइप बदलून झाले, फरक शून्य. आणि आता गॅरेजवाल्याने ‘टर्बो गेला, नवा टाका’ असं सांगितलंय.

टर्बो उतरवू नका. निदान अजून तरी नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं निदान आहे, फक्त ते कोणी नीट वाचलेलं दिसत नाही.

पहिली खूण: ३,५००च्या पुढे गाडी ठीक आहे. टर्बोची पाती झिजली असती, किंवा शाफ्ट घासत असता, तर वरच्या आरपीएमलाही दम कमी पडला असता. सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला असता तर उलटंच झालं असतं. खाली गाडी बरी आणि वर गुदमरलेली. एअर फिल्टर बंद झाला तरी तसंच, कारण अडथळा जितका जास्त हवा मागाल तितका जास्त बोचतो. मागे निफाडकडची एक गाडी अशी आली होती. २,५००पर्यंत अगदी छान, पुढे मेलेली. गाडी महिनाभर कांद्याच्या चाळीशेजारी उभी होती. एअर बॉक्स उघडला तर उंदराने आत कांद्याच्या पापुद्र्यांचं अंथरूण करून ठेवलेलं. तुमच्या गाडीची तक्रार याच्या बरोबर विरुद्ध आहे. खाली मेलेली, वर जिवंत. म्हणजे वाट कुठे अडलेली नाही, कुठेतरी गळतंय.

छोटी गळती खालच्या आरपीएमलाच का जाणवते, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. २,००० आरपीएमला इंजिनातून निघणारा धूर-वायू मुळात थोडा असतो. टर्बाइन (टर्बोचं एक्झॉस्टच्या बाजूचं चाक; तेच पलीकडचं हवा दाबणारं चाक, कंप्रेसर, फिरवतं) फिरवायला तोच जेमतेम पुरतो. त्यातला पाचवा हिस्सा एखाद्या फटीतून निघून गेला तर टर्बो फिरणारच नाही. तीच फट ४,००० आरपीएमलाही असते, पण तेव्हा वायू इतका जास्त असतो की वेस्टगेट, म्हणजे टर्बाइनला वळसा देणारी झडप, उघडून त्यातला बराचसा मुद्दाम बाहेर सोडावाच लागतो. फटीतून गेलेला त्या हिशोबात झाकला जातो. म्हणून वर गाडी धडधाकट वाटते.

दुसरी खूण घाटाची. लोक ‘लॅग’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक म्हणजे वेळ: रेस दिल्यापासून बूस्ट भरेपर्यंत किती सेकंद गेले. दुसरी म्हणजे किमान आरपीएम: त्याखाली कितीही वेळ दिला तरी पूर्ण बूस्ट बनूच शकत नाही. घाटात चौथ्या गिअरवर आरपीएम हळूहळू चढतो, टर्बोला भरपूर वेळ मिळतो. निरोगी गाडी तिथे तिसऱ्या गिअरपेक्षा कमी आरपीएमला पूर्ण बूस्ट दाखवते. तुमची तिथेही दाखवत नाही. म्हणजे वेळ कमी पडत नाहीये, टर्बाइनला किंवा कंप्रेसरला लागणारी ताकदच वाया जातेय.

याच कारणासाठी मोठ्या इंटरकूलरवर खापर फोडणं मला पटत नाही. बेरीज करून बघा. १.८ लिटरचं इंजिन २,५०० आरपीएमला दर मिनिटाला साधारण २,२५० लिटर हवा गिळतं, म्हणजे सेकंदाला ३७ लिटर. इंटरकूलर आणि पाइप मिळून जागा पाच लिटरने वाढली असं धरलं, तर एक बार बूस्ट भरायला पाच लिटर हवा जादा लागेल. टर्बोकडे सुरुवातीला शिल्लक हवा थोडी असते हे धरूनही यात सेकंदाचा काही हिस्सा जातो. एक हजार आरपीएम जात नाहीत. शिवाय हाच इंटरकूलर दोन वर्षांपूर्वीही होता आणि तेव्हा बूस्ट २,४००ला येत होता.

आता लॉग, म्हणजे गाडी चालवताना नोंदवलेले सेन्सरचे आकडे. तुम्ही व्हीसीडीएस या लॅपटॉपवरच्या तपासणी सॉफ्टवेअरने बूस्टचे आकडे देणारे ग्रुप ११५ आणि ११८ घेतलेत, हवेचं वजनही सोबत नोंदवलंत, हे फार बरं केलंत. नव्वद टक्के लोक ‘गाडी स्लो वाटते’ एवढंच सांगतात. तुमच्या लॉगमधली एक ओळ इथे लिहितो, पूर्ण रेस, तिसरा गिअर, २,८०० आरपीएम: मागितलेला दाब २,१५० मिलिबार, मिळालेला १,६२०, एन७५चा (वेस्टगेटला जाणारा दाब नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हचा) ड्यूटी, म्हणजे त्याला दिलेला सिग्नल, ९५ टक्के, एअरफ्लो मीटरवर सेकंदाला ६६ ग्रॅम, आत जाणाऱ्या हवेचं तापमान ४५ अंश. आणि ३,५००ला मिळालेला दाब २,१३०, ड्यूटी खाली येऊन ७०च्या आसपास.

लॉग वाचताना मी सगळ्यात आधी एकच बघतो: उशीर कोण करतंय, कॉम्प्युटर की लोखंड? ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, दाब मागितलाच नसेल तर हार्डवेअर तपासून उपयोग नाही. काही ट्यूनर क्लच आणि कनेक्टिंग रॉड वाचवण्यासाठी खालच्या आरपीएमला टॉर्क मुद्दाम कमी ठेवतात. कधी नॉकिंगमुळे (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकल्यामुळे) किंवा हवा फार तापल्यामुळे ईसीयू स्वतःच मागणी उतरवतो. अशा गाड्यांत मागितलेली आणि मिळालेली रेघ एकमेकींना चिकटून हळूहळू चढताना दिसतात. ग्राहक टर्बोला शिव्या देत असतो आणि टर्बो बिचारा सांगितलेलं काम चोख करत असतो. तुमच्याकडे तसं नाही. ईसीयू २,००० आरपीएमपासून पूर्ण दाब मागतोय आणि एन७५ला ९५ टक्के देऊन ओरडून सांगतोय की वेस्टगेट घट्ट बंद ठेव. तरी ५३० मिलिबारची तूट. दोष लोखंडात आहे.

मध्येच एक खबरदारी. हे आकडे अ‍ॅब्सोल्यूट आहेत, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. डॅशबोर्डवर लावलेलं बूस्ट मीटर वातावरणाच्या वर किती, ते दाखवतं. दोन्हींची सरमिसळ करून लोक भांडत बसतात. सेन्सर खरं बोलतोय का हे बघायची सोपी युक्ती: चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि दाबाचा आकडा वाचा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे ९४० ते ९५०च्या दरम्यान दिसायला हवं. मुंबईत हाच आकडा १,०१०च्या आसपास असतो. तुमच्या लॉगच्या पहिल्या ओळीत ९४८ आहे. सेन्सर ठीक.

आता त्या ६६ ग्रॅमकडे बघा. तुमचं निदान या एका आकड्यावर फिरतं आणि गॅरेजमध्ये कोणी त्याकडे बघितलेलं नाही. २,८०० आरपीएमला इंजिन सेकंदाला साधारण ४२ लिटर हवा ओढतं. १,६२० मिलिबार दाब आणि ४५ अंश तापमानाला एक लिटर हवेचं वजन १.७७ ग्रॅम भरतं. गुणाकार केला की सुमारे ७५ ग्रॅम. सिलिंडर कधीच शंभर टक्के भरत नाहीत, नव्वद टक्के धरा. आले ६७. तुमच्या मीटरवर ६६ आहेत. म्हणजे मीटरमधून जेवढी हवा आत गेली तेवढीच इंजिनात पोचली. टर्बो ते इंजिन या रस्त्यात कुठे पाइप फाटला असता, क्लॅम्प सैल असता, इंटरकूलरला भोक असतं, तर मीटरवर ८०-८५ दिसले असते आणि इंजिनात ६७च पोचले असते. तसं नाहीये. बाहेर गळती नाहीच. तरी तुम्ही सगळे पाइप बदललेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि सोमेश्वर तर आपल्या गंगापूर रोडलाच आहे, त्यामुळे नाशिककरांना बंब तिकडे न्यायचा मोह जरा जास्तच होतो.

मग उरलं काय? तीनच जागा. डायव्हर्टर व्हॉल्व्ह, वेस्टगेटची झडप, आणि टर्बोच्या आधीची एक्झॉस्टची फट. याच क्रमाने बघा, कारण याच क्रमाने काम कमी ते जास्त आहे.

डायव्हर्टर व्हॉल्व्हबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः मार खाल्लेला आहे. रेस सोडली की थ्रॉटल बंद होतो आणि भरलेल्या हवेला जायला जागा राहत नाही. तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडतो आणि कंप्रेसरच्या पुढची हवा पुन्हा कंप्रेसरच्या मागे सोडतो. अशा अनेक व्हॉल्व्हमध्ये आत रबराचा पातळ पडदा असतो. कारखान्यातल्या बूस्टला तो वर्षानुवर्षं टिकतो, रिमॅपनंतर वाढलेल्या दाबाला आणि उष्णतेला कधीतरी चिरतो. चीर पडली की व्हॉल्व्ह बंद असतानाही हवा गोल गोल फिरत राहते. कंप्रेसर दाबतो, अर्धी परत त्याच्याच तोंडात जाते, पुन्हा दाबतो. ही हवा एअरफ्लो मीटरच्या पुढच्या पुढे फिरत असल्याने मीटरला तिचा पत्ताच लागत नाही. म्हणून मीटरचा हिशोब जुळतो आणि बूस्ट मात्र येत नाही. तुमच्या लॉगशी हे चित्र तंतोतंत बसतं.

आता गंमत बघा. गळती शोधायची आपली नेहमीची पद्धत म्हणजे टर्बोच्या तोंडाला टोपण लावून हवा भरायची आणि साबणाचं पाणी मारायचं. या पद्धतीत डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब असतो. पडदा कितीही फाटलेला असो, एक बुडबुडा येणार नाही. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे हीच तक्रार घेऊन एक गाडी आली. मी दोनदा हवा भरून तपासली, कुठे काही नाही. वेस्टगेट ठीक वाटलं. शेवटी छातीठोकपणे सांगितलं, टर्बो बदला. बदलला. गाडी बाहेर काढली, बूस्ट तिथेच, ३,३००ला. त्या रात्री व्हॉल्व्ह उघडला आणि पडद्याला नखाएवढी चीर. मजुरी परत केली, टर्बोचे पैसे मात्र त्या माणसाच्या खिशातून गेले ते गेलेच. तो अजून माझ्याकडेच ऑइल बदलायला येतो आणि दर वेळी आठवण काढतो. चहा मीच पाजतो.

तर तुमचा व्हॉल्व्ह कंप्रेसरच्या हाउसिंगवर तीन अ‍ॅलन बोल्टवर बसलेला आहे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर उतरवा. जागा अडचणीची आहे, हात सोलतात, पण तासाभराच्या आतलं काम आहे. पडदा उजेडात धरून बोटाने ताणून बघा. चीर बहुतेक कडेच्या घडीत लपलेली असते, वरून बघून कळत नाही. बसण्याच्या जागेवर ओरखडे आहेत का, ओ-रिंग मुरगळलीय का, तेही बघा. फाटलेला असेल तर पिस्टनवाला व्हॉल्व्ह टाका, रबरी पडद्याची भानगडच नको.

तो धडधाकट निघाला तर वेस्टगेट. इथे लोकांची एक गैरसमजूत आहे. वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरला (हवेच्या दाबाने गेट उघडणाऱ्या डबीला) जाणारा होज फुटला की बूस्ट कमी होतो असं बहुतेकांना वाटतं. तुमच्यासारख्या, दाबाने उघडणाऱ्या वेस्टगेटमध्ये उलटं होतं: होज फुटला की अ‍ॅक्च्युएटरला दाब पोचत नाही, गेट उघडतच नाही आणि बूस्ट मर्यादेबाहेर जातो. अ‍ॅक्च्युएटरचा पडदा फाटला तरी तेच. त्यामुळे त्या होजवर वेळ घालवू नका.

एन७५ व्हॉल्व्ह स्वतः अडकला असेल का? शक्यता कमी. तो अडकला असता तर अ‍ॅक्च्युएटरला सतत पूर्ण दाब मिळाला असता आणि बूस्ट स्प्रिंगच्या ताकदीएवढाच राहिला असता, वरच्या आरपीएमलाही. तुमच्याकडे ३,५००ला २,१३० येतोय. तरीही खात्री हवी असेल तर अ‍ॅक्च्युएटरच्या होजमध्ये एक टी (तीन तोंडांचा जोड) टाका आणि छोटा प्रेशर गेज लांब नळीने आत केबिनमध्ये घ्या. एन७५ला ९५ टक्के असताना गेजवर जवळजवळ शून्य दिसायला हवं. दाब दिसला तर एन७५ किंवा त्याची इनटेककडे जाणारी नळी चोंदलेली आहे.

खरा संशय झडपेवर. टर्बाइनच्या हाउसिंगमध्ये एक नाण्यासारखी झडप असते, ती एका दांड्यावर, दांडा बुशिंगमध्ये. लाखभर किलोमीटर तापून-निवून बुशिंग झिजतं, झडप तिरकी बसायला लागते. कॉम्प्युटरच्या दृष्टीने गेट बंद, प्रत्यक्षात एका बाजूने उघडं. याची एक ओळखीची खूण म्हणजे हलक्या रेसवर, दोनेक हजार आरपीएमला, टर्बोपाशी पत्रा थरथरल्यासारखा आवाज. तुम्ही आवाजाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. तीन इंची डाउनपाइपच्या गोंगाटात तो ऐकू येणं कठीणच आहे म्हणा. बॉनेट उघडून शेजाऱ्याला रेस द्यायला सांगा आणि कान द्या.

बघायचं असं: इंजिन थंड, डाउनपाइप उतरवलेला, किंवा सेन्सरच्या भोकातून बोरस्कोप (नळीवरचा छोटा कॅमेरा) आत. झडप बोटाने हलवा. थोडी डुगडुगते ते चालतं, कारण तिला स्वतःला सपाट बसता यावं म्हणून ती जराशी सैलच ठेवतात. पण दांडाच बुशिंगमध्ये वर-खाली होत असेल तर संपलं. झडपेच्या बैठकीवर काजळीचा गोल सगळीकडे सारखा आहे का बघा. एका बाजूला चमकदार आणि दुसऱ्या बाजूला काळा असेल तर तिथूनच वायू निसटतोय. मग अ‍ॅक्च्युएटरचा रॉड झडपेच्या दांड्यावरून काढा आणि झडप हाताने घट्ट बंद धरा. रॉड पुन्हा अडकवायला दोन-तीन मिलिमीटर ओढावा लागला पाहिजे. आपोआप भोकावर येऊन बसत असेल तर स्प्रिंग मऊ पडलीय किंवा अ‍ॅडजस्टमेंट सुटलीय. नट फिरवून ताण देता येतो, पण अर्धा-अर्धा फेरा आणि प्रत्येक वेळी लॉग. ताण जास्त झाला तर गेट उशिरा उघडेल, बूस्ट उसळी मारेल आणि ज्या टर्बोला वाचवायला निघालो तोच जाईल. झिजलेल्या बुशिंगवर ताण वाढवून काही होत नाही हेही सांगून ठेवतो. ते नवं बुशिंग ठोकून किंवा हाउसिंग बदलूनच सुटतं. अंबड-सातपूरमध्ये टर्निंगची कामं करणारे इतके कसबी लोक आहेत की बुशिंग बनवून मिळणं अवघड नाही, पण धातू कुठला वापरणार ते विचारा. आठ-नऊशे अंशांना साधं पितळ टिकत नाही.

तिसरी जागा हेड आणि टर्बोच्या मधली. तुमच्या के०३ मॉडेलच्या टर्बोत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला वायू गोळा करणारा भाग) आणि टर्बाइनचं हाउसिंग एकच ओतीव तुकडा आहे, त्यामुळे जोड एकच, हेडपाशी. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर टिकटिक आवाज येतो आणि पाच मिनिटांत गायब होतो का? धातू तापून फट मिटते म्हणून आवाज जातो, पण पूर्ण लोडवर ती परत उघडते. गॅस्केटच्या कडेला काजळीचे फटकारे शोधा, एखादा स्टड तुटलाय का बघा. डाउनपाइपच्या पुढची गळती मात्र बूस्टला काही करत नाही, फक्त लॅम्डा सेन्सरला (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या) फसवते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचतो. लाखभर किलोमीटरला अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने साफ करून घेतलं तर खालची उचल सुधारते, पण हजार आरपीएम परत मिळणार नाहीत. टायमिंग चेन लांबली की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) मागे पडतो आणि खालचा दम जातो. ग्रुप ९३ (त्यात कॅमची जागा दिसते) वाचा, आकडा शून्याच्या जवळ असेल तर विसरून जा, नसेल तर बूस्टची चिंता बाजूला ठेवून आधी चेन बघा, कारण ती सुटली तर इंजिनच जाईल. रिमॅपच्या गाडीत प्लगचा गॅप ०.७ मिलिमीटरच्या वर ठेवू नका.

फ्युएल ट्रिमबद्दल, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो त्याबद्दल, मात्र एक वाक्य जास्त. तुमचा ट्रिम अधिक ५ टक्के आहे आणि त्यावरून कोणीतरी ‘व्हॅक्यूम लीक’ म्हणालं. पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. जुन्या ई१०च्या तुलनेत साधारण ४ टक्के. तुमचा मॅप दोन वर्षांपूर्वी कुठल्या पेट्रोलवर बसवला होता ते ट्यूनरला विचारा. अधिक ४-५चा ट्रिम मला आज नाशिकमधल्या रिमॅपच्या गाडीत गळतीची खूण वाटत नाही, पेट्रोलची वाटते. ऑइल फिलरचं झाकण आयडलला उघडून बघा. ते आत ओढल्यासारखं घट्ट बसलेलं असेल आणि शिट्टी वाजत असेल तर पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये परत नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा गेलाय, ते वेगळं प्रकरण.

आणि अपेक्षा किती ठेवायची? इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. तोच २,१५० मिलिबारचा दाब बनवायला मुंबईत टर्बोला हवा २.१ पट दाबावी लागते, नाशिकला २.३ पट. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना ३०० मीटर उंची वाढते, त्यात एप्रिल-मेमध्ये चाळीस अंश. पंधरा अंशांच्या तुलनेत चाळीसला हवा अजून आठ टक्के हलकी. मे महिन्यात दुपारी शंभर-दोनशे आरपीएम उशीर झाला तर तो आजार समजू नका. ट्यूनर मुंबईचा असेल आणि त्याने तिथल्या डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दिला असेल, तर नाशिकच्या लॉगची तुलना त्या कागदाशी करू नका.

तिन्ही जागा निर्दोष निघाल्या तरच टर्बोकडे वळा. इनटेकचा पाइप काढून शाफ्टला बोट लावा. आडवी हालचाल किंचित असतेच, कारण शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. थंड टर्बोत ती जाणवली म्हणून घाबरू नका. पण पुढे-मागे ढकलल्यावर खटका जाणवला, किंवा पातं हाउसिंगला घासल्याची चकाकी दिसली, तर तो गेलाच. पात्यांच्या कडा नीट बघा. उघडा कोन फिल्टर आणि सध्या सिंहस्थाच्या तयारीसाठी जागोजागी खणलेले रस्ते, ही जोडी मला अजिबात आवडत नाही. बारीक धूळ कंप्रेसरच्या पात्यांची धार सॅंडपेपरसारखी खाते. माझं ऐकाल तर कंपनीचा बंद एअर बॉक्स परत बसवा. या टर्बोला तो पुरतो.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह काढल्यावर पडद्याचा फोटो पाठवा. त्यानंतरचा लॉग त्याच रस्त्यावर, तिसऱ्याच गिअरमध्ये, १,५००पासून घ्या, आणि ४,५००च्या पुढे जायची गरज नाही. आपला प्रश्न खालचा आहे आणि तिथपर्यंत वेग शंभरच्या आसपासच राहतो. पहाटेचा मोकळा रस्ता, लॅपटॉप शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे, तुमची नजर समोर. सलग तीन वेळा घ्या, मध्ये दोन-तीन मिनिटं सावकाश चालवून इंटरकूलर निवू द्या. ग्रुप ११५, ११८ आणि एअरफ्लो, पूर्वीसारखंच. २,८०० आरपीएमच्या ओळीत मिळालेला दाब २,०००च्या वर दिसला तर मला फक्त तेवढी एक ओळ पाठवा, बाकी फाइल नको.